शनिच्चरवारची दुपार

सुईत दोरा ओवता ओवता मास्तरांचा हात थांबला. स्वयंपाकघरात सून फोनवर आपल्या आईशी बोलत होती. पंजाबी, भरभर, मधेच हुंदका. मास्तरांना त्यातलं काही कळत नव्हतं. मग तिचा आवाज खाली आला आणि शब्द सुटे सुटे ऐकू आले.

"ऐतवार. तड़के. पौणे छे वजे."

रविवार. पहाटे. पावणेसहा. मास्तरांनी सुई उशीत खोचून ठेवली.

मास्तरांची बायको गेल्याचं विहीणबाईंना आज कळलं. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, रडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून इतके दिवस आईंचा घसा बसलाय, असं सांगून सुनेने वेळ मारून नेली होती.

ती ओढणीने तोंड पुसत बाहेर आली.

"सांगितलं, बाबा. बीजीला सांगितलं."

"पावणेसहा म्हणालीस ना?"

ती बघतच राहिली. "तुम्हाला कळलं?"

"तेवढंच कळलं."

मास्तरांना पंजाबी कोणी शिकवलं नव्हतं. शिकत होती ती बायको. लग्नात दोघी विहिणी शेजारी शेजारी बसून नुसत्या हसत राहिल्या, तेव्हाच तिने मनात घेतलं. पोरीच्या आईशी मी काय खुणांनी बोलू का, म्हणाली. तेव्हापासून रोज दुपारी विहीणबाईंचा फोन यायचा. एक शब्द त्यांचा, एक हिचा. फोन आला की ती खोलीतून ओरडायची, "अहो, ती खडखड बंद करा!" मास्तर मशीनवरून पाय काढायचे आणि हातशिलाई घ्यायचे. काजं, बटणं, तुरपाई, सगळी त्या वेळेसाठी राखून ठेवलेली. गिऱ्हाईक आलं तर बोटानेच थांब म्हणायचे. टाका घालता घालता वार कानावर पडत गेले.

"वीरवार म्हणजे गुरुवार," फोन ठेवून ती सांगायची. "आणि यांचंही साडेचार साडेचारच हो. उगाच परके म्हणतो आपण."

"विहीणबाईंचं मराठी कुठवर आलं?"

"किती वाजली म्हणतात. मी म्हटलं, वाजले म्हणा. तर मलाच विचारतात, का?"

"मग काय सांगितलंस?"

"मला तरी कुठे माहितीय!"

आजारी पडायच्या आदल्या दुपारी, शनिवारी, ती फोनवर हसली. नेहमीचं हसणं नव्हे. खोकला येईस्तोवर, भिंतीला हात टेकून. मास्तरांनी दारातून विचारलं, काय झालं गं? तिने डोळे पुसले, हात हलवला. "उद्या सांगते. आत्ता सांगायला गेले तर पुन्हा हसेन." रात्री ताप चढला. पुढे काही दिवस दवाखाना, आणि मग बोलणंच बंद झालं.

आता ते हसणं मास्तरांच्या डोक्यातून जात नव्हतं. कशाला हसली, ते एका माणसाला ठाऊक होतं. सुनेला मधे घालावं तर काय सांगावं, दोघी मिळून तिचीच थट्टा करत असतील. आपलीही असेल. जे असेल ते स्वतः विचारायचं, असं त्यांनी ठरवलं.

बायकोचा फोन ते रोज चार्ज करून ठेवत. बातमी कळल्यावर काही दिवसांनी, नेहमीच्या वेळेला, तो वाजला. मास्तरांनी मशीन थांबवलं आणि फोन उचलला.

"वीरजी," विहीणबाईंनी भावाला मारतात तशी हाक मारली, आणि पुढे नुसता श्वास.

"डोळे," मास्तर म्हणाले. "डोळे सांभाळा. रडू नका."

फोन ठेवावा तर वाईट दिसतं, बोलावं तर काय बोलावं. शेवटी मास्तरच म्हणाले, "सोमवार."

पलीकडून आवाज आला, "सोमवार." मग, "मंगलवार."

"मंगलवार."

असा तो पाठ पुन्हा सुरू झाला. मास्तरांना वार येत होते, पण येतात असं त्यांनी सांगितलं नाही. विहीणबाई चुकलं की लहान मुलाला थांबवावं तसं थांबवायच्या. मास्तर मान हलवून परत म्हणायचे.

एक दिवस त्यांनी सुनेला विचारलं, "हसली, याला काय म्हणता तुम्ही?"

"हस्सी. का हो?"

"असंच."

"आज कोण हसलं?"

"गिऱ्हाईक. खिसा उलटा लागला होता."



पुढचे दिवस बटणं लावताना मास्तर मनात तेच जुळवत राहिले. शनिच्चरवार, दुपैरे, ओह क्यों हस्सी. एकदा बोटात सुई गेली. शर्टाला डाग पडला, तो गिऱ्हाईक यायच्या आत धुवावा लागला.

त्या दुपारी फोन आला तेव्हा वाक्य तयार होतं. मास्तरांनी घसा खाकरला. पण विहीणबाई आधी बोलल्या, सावकाश, पाठ केल्यासारखं, मराठीत.

"वीरजी. शनिवारी. दुपारी. भैणजी का हसली?"

मास्तरांच्या हातातलं बटण खाली पडलं आणि घरंगळत मशीनखाली गेलं.

"पता नहीं," ते म्हणाले. मग मराठीतच, "तुम्हाला नाही सांगितलं तिने?"

पलीकडून सुटे शब्द आले. "केहंदी सी, कल दस्सांगी."

उद्या सांगेन म्हणाली होती. त्यांनाही.

"मलाही तेच म्हणाली," मास्तर म्हणाले. विहीणबाईंना ते कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्याकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. इकडे एक बाई ब्लाउजचं कापड घेऊन दारात उभी राहिली. मास्तरांनी बोटाने थांब म्हटलं, आणि ती पायरीवर बसली.

त्या दिवशी पाठ झाला नाही. वार झाले आहेत, वेळा झाल्या आहेत. महिने राहिले आहेत.