मोहतळीची नवी सुईण

मोहतळी हे गाव नकाशावर नाही. ते बेचाळीस जणांच्या मोबाइलमध्ये आहे. त्यात कुणी पाटील होतं, कुणी वैद्य, कुणी चोर, आणि जो तो आपापल्या सोंगातून चार ओळी लिहितो. त्यातूनच गावाची गोष्ट पुढे सरकते. नवीन आलेल्या माणसाला या गावात रुळवायचं काम सुरभीकडे होतं. एरवी ती पिपरी मेघेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची.

काम मानाचं, पण नाकी नऊ आणणारं. मागच्या महिन्यात आलेल्या तिघांनी नियमांची यादी पाहूनच काढता पाय घेतला होता. म्हणून वडनेरच्या कौशल्याबाई आल्या तेव्हा तिने ठरवलं, यांना अजिबात घाबरवायचं नाही. बाई साठीच्या, भाचीने मोबाइलवर खेळ टाकून दिलेला. पात्राची ओळख लिहा म्हटल्यावर त्यांनी स्वतःचीच लिहिली: माहेर कुठलं, सासर कुठलं, मालक जाऊन किती वर्षं झाली, घर शाळेच्या मागे, निळं फाटक. आपल्याकडे ओळख म्हणजे हीच. सुरभीने हसत हसत ते पुसलं आणि त्यांना गावची सुईण करून टाकलं. एक नियम तेवढा शिकवायचा राहिला. सोंगाबाहेरचं, खरंखुरं काही सांगायचं असेल तर ते कंसात लिहायचं. बाईंना मोबाइलवर कंस काही सापडेना. राहू द्या काकू, मग शिकवीन, असं सुरभी म्हणाली.

ते ‘मग’ बुधवारी दुपारी तिच्या अंगाशी आलं. कौशल्याबाईंनी लिहिलं, ‘मी विहिरीपाशी पडली. पाय हालून नाई राह्यला. उठता येत नाई.’

गाव खूश झालं. सुईणच पडली म्हटल्यावर गोष्टीला रंग चढला. वैद्याने निर्गुडीचा पाला वाटायला घेतला, पाटलाने बैलगाडी जुंपली, चोर सुईणीच्या रिकाम्या घराकडे निघाला. एकीने तर सुरभीला वेगळा निरोप पाठवून शाबासकी दिली की नव्या बाई काय झकास लिहितात. दहा मिनिटांनी बाईंनी लिहिलं, ‘ऊन लागून राह्यलं. कोणी या.’ त्यानंतर काही नाही.

सुरभीने कंसात विचारलं, काकू, खरंच पडलात का? उत्तर नाही. उत्तर येणार तरी कसं, कंस तर तिनेच शिकवला नव्हता. एकमेकांचे फोन नंबर मागायचे नाहीत, हा नियमही तिचाच. नव्या माणसाचा पहिला प्रसंग मध्येच मोडायचा नाही, हाही तिचाच. मोडला आणि सगळं सोंग निघालं, तर बाई ओशाळतील आणि चौथ्या म्हणून निघून जातील. आणि सोंग नसलं तर? तिला खुर्चीत बसवेना, उभी राहिली तर उभंही राहवेना. प्रभाकरराव नावाच्या आजोबांना तिने डॉक्टरांकडे दोनदा आत पाठवलं आणि दोनदा परत आणून बसवलं.

शेवटी तिने सगळ्यांसाठी लिहून टाकलं की खेळ थांबवा, आणि अंकुशला फोन लावला. खेळातला वैद्य तो हाच. हिंगणघाटला त्याचं पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं, आणि खेळ सुरू केला तेव्हापासूनची दोघांची ओळख. सगळं ऐकून त्याने एवढंच विचारलं, “अन् सोंग निघालं तं?”

“तं चहा पिऊन येजो,” सुरभी म्हणाली.

पुढचा पाऊण तास तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. पुसलेली ओळख तिला शब्दन् शब्द आठवत होती, एवढंच काय ते नशीब. शाळेच्या मागे, निळं फाटक. मग फोन आला. बाई धडधाकट होत्या. मोबाइल चार्जिंगला लावून ओसरीत शेंगा सोलत बसल्या होत्या.

सुरभीला हायसं वाटलं आणि पाठोपाठ भयंकर राग आला. बाईंकडे फोन द्यायला लावून तिने त्यांना चांगलंच सुनावलं. जिवाला किती घोर लागला, एक माणूस दुकान टाकून धावत आला, असं लिहितात का कुणी? बोलता बोलता आपलंच काय शिकवायचं राहिलं ते तिला आठवलं, आणि तिचा आवाज उतरला.

“पडलती तं मी खरंच, बाई,” कौशल्याबाई म्हणाल्या. “मागच्या साली. दुपारपासून दिवेलागणीलोग तशीच पडून होती. कोणीच आलं नाई. म्हून म्हटलं, एकडाव तुमच्या गावात पडून पाहावं.”

समोर माणसं कागद धरून ताटकळत उभी होती. सुरभीने हळूच विचारलं, आता येतं का कुणी तुमच्याकडे?

“आता तुमी हाव ना,” कौशल्याबाई म्हणाल्या, आणि फोन धरून थांबल्या.

हो म्हणावं तर वडनेर तासा-दीड तासाच्या वाटेवर होतं, आणि नाही म्हणायला सुरभीची जीभ रेटेना.