बाराव्या नोटेचा आग्रह

"अमेरिका बारा खांबांवर उभी आहे, आणि त्यातले अकरा माझ्या ताब्यात आहेत," असं डॉ. ऑर्विल स्टेनक्विस्ट यांनी चर्चच्या तळघरात उभं राहून जाहीर केलं. लगेच कोणीतरी त्यांना जरा बाजूला व्हायला सांगितलं, कारण ते कॉफीच्या किटलीला आडवे आले होते.

आमच्या फर्गस फॉल्स गावच्या नोटा-नाणी संग्राहक मंडळात वक्त्याला मान मिळतो तो एवढाच. ऑर्विल निवृत्त दंतवैद्य. आयुष्यभर ज्यांच्याशी बोलला त्या सगळ्यांची तोंडं त्यानेच उघडी धरून ठेवलेली, त्यामुळे उलट उत्तर ऐकायची त्याला सवय राहिली नव्हती.

खांब म्हणजे बारा शहरांतल्या मध्यवर्ती बँका. एके काळी त्या प्रत्येकीच्या नावाने पाचशे डॉलरची नोट निघायची. सरकारने ती छापणं केव्हाच थांबवलं. आजही ती कायद्याने चालते, पण संग्राहक तिचे कितीतरी पट पैसे मोजतात, म्हणून कळणारा माणूस ती चालवत नाही. तिला प्लास्टिकच्या पाकिटात सीलबंद करून तज्ज्ञांकडून मार्क लावून घेतो, आणि पोरगा नापास होईल की काय अशा चेहऱ्याने निकालाची वाट बघतो. १९३४च्या मालिकेतल्या अकरा बँकांच्या नोटा ऑर्विलने अशा जमवल्या होत्या. बॉस्टन होतं, डॅलस होतं, पार सॅन फ्रान्सिस्को होतं. नव्हतं ते आमचंच, तीन तासांवरचं मिनियापोलिस.

ती नोट गावातच होती, हॅल्वर ट्वाइटकडे. हॅल्वरच्या संग्रहात ती एकच नोट, आणि ती ऑर्विलकडे नाही हा तिचा मुख्य गुण. ऑर्विलने कितीदा तरी विकत मागितली. हॅल्वर म्हणायचा, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे मी मेल्यावर.

जानेवारीत हॅल्वर खरंच गेला.

दफन उरकून सगळे त्याच तळघरात जेवायला बसलो होतो, तेव्हा त्याची बायको कार्मेला एक पाकीट घेऊन आमच्या टेबलापाशी आली. ती दूरच्या न्यू जर्सीची, हॅल्वरची दुसरी. ऑर्विलसमोर पाकीट धरून म्हणाली, "हॅल्वर सांगून गेलाय, ही तुम्हाला द्यायची. भेट म्हणून. घ्या."

पाकिटातून मिनियापोलिस डोकावत होतं. ऑर्विलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"छे छे, नको," तो म्हणाला.

"अहो, खरंच घ्या. त्याची इच्छा होती."

"नको हो, फार होतंय हे."

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" म्हणत हात पुढे करायचा. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा हावरट, हे आम्ही दुधाचे दात पडायच्या आत शिकतो. ऑर्विलने तिसऱ्या वेळेचा हात अर्धा उचललाही होता.

"बरं," कार्मेला म्हणाली, आणि पाकीट पर्समध्ये टाकून पर्स मिटली.

उचललेल्या हाताने ऑर्विलने कागदी रुमाल घेतला.

घरी जाताना तो माझ्या गाडीत होता. ती तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय राहणार नाही, दुःखात आहे बिचारी, असं त्याचं म्हणणं. लोकांनी जेवण भरून दिलेली भांडी परत करायला ती दारोदार फिरली, तेव्हा त्याच्याकडेही आली. भांडं दिलं, आभार मानले आणि गेली. मी म्हटलं, जा आणि सरळ माग. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला दरोडा घालायला सांगतोय.

शेवटी तिच्याकडे समाचाराला जायचं असं ठरलं. यावेळी पहिल्याच विचारण्याला हो म्हणायचं. वाटेत सराव म्हणून मी त्याच्यापुढे च्युइंगगम धरलं. "नको," तो म्हणाला, आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

कार्मेलाने कॉफी विचारली, तर हा "हो!" असा ओरडला की तिने दचकून किटली खाली ठेवली. लिंबाची वडी घ्याल? हो. आणखी एक? हो. माझ्या वाट्याची? तीही. ताटली रिकामी झाली तरी नोटेचं कोणी नाव काढेना. अखेर ऑर्विल खिडकीकडे बघत म्हणाला, "हॅल्वरची ती नोट... तुम्ही त्या दिवशी म्हणत होतात..." आमच्याकडे याला लोटांगण म्हणतात.

"ती होय? ती मी बँकेत भरली."

ऑर्विलचा हात रिकाम्या ताटलीकडे गेला. मीच विचारलं, का म्हणून?

"का म्हणजे? हॅल्वर म्हणायचा, हिच्यासाठी ऑर्विल आयुष्यभर झुरतोय. मला खरंच वाटायचं. पण यांनी दोनदा नको म्हटलं. एवढ्या जाणकार माणसाला फुकट नको, तर तिच्यात काय दम असणार? हॅल्वर आपला उगाच जपत बसला, म्हटलं."

"बँक काय म्हणाली?" ऑर्विलने कसंबसं विचारलं.

"कॅशियरबाई फार चांगल्या आहेत. म्हणाल्या, असल्या नोटा मिनियापोलिसला परत जातात, तिथे त्यांचा भुगा करतात. मला पाचशे दिले. वर एक कॅलेंडरही दिलं."

म्हणजे नोट माहेरी पोचली होती.

ऑर्विलने कप बशीत ठेवला. मग म्हणाला, "वेगळंच झालं म्हणायचं." आमच्याकडे घर जळालं तरी इतकंच म्हणतात.

कार्मेलाला बरं वाटलं. तिला वाटलं, हा कौतुक करतोय. ती उत्साहाने उठली, मागचं दार उघडलं आणि अंगणात बोट दाखवलं.

"त्या पैशांत बर्फ उडवायचं यंत्र घेतलं. जुनंच आहे. पण मेलं सुरूच होत नाही. तुम्ही आलाच आहात, ऑर्विल, तर जरा दोरी ओढून बघता का?"