समक्ष वाचून दाखवले

दौंडच्या कोर्टामागे अजीम इनामदार वकिलांचं ऑफिस होतं. सरकारी टेंडरं आणि निर्यातीची कागदपत्रं हे त्यांचं काम. शिवाय नोटरीचा शिक्काही त्यांच्याकडे. अजीमभाईंकडे दिलेला कागद कुठं अडत नाही, असा लौकिक! युरोपला द्राक्षं जायची तेव्हा कुठल्या पेटीतला माल कुणाच्या बागेतला, औषध कोणत्या तारखेला मारलं, हे ते डोळ्यांत तेल घालून तपासत. कंटेनर परत आला तर काय तोंड दाखवायचं?

२००४ च्या मार्चमध्ये एका दुपारी कवठे येमाईहून सोजराबाई आल्या. शिरूरला एसटी बदलून आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी एक नोटीस काढली. अंगणवाडीला पुरवलेल्या सुकडीच्या पिठात अळ्या निघाल्या होत्या आणि नऊ मुलं दवाखान्यात पडली होती. पुरवठा करणाऱ्या महिला मंडळाच्या अध्यक्षांवर गुन्हा का नोंदवू नये, सात दिवसांत खुलासा करा, असा सरकारी सवाल होता. आणि अध्यक्ष म्हणून सोजराबाईंचं नाव!

"साहेब, म्या कसली अध्यक्ष? लोकांच्या रानात खुरपाय जाते म्या," सोजराबाई म्हणाल्या. "त्या नऊ पोरांत माझी नातबी हाय. आन् गाव म्हणतंय, आजीनंच किडकं चारलं. बाया पाण्यालाबी माझ्यासंगं येत न्हाईत."

अजीमभाईंना सगळं आठवलं. या पुरवठ्याचा ठेका फक्त महिला मंडळांनाच मिळत असे. म्हणून दोन वर्षांपूर्वी ठेकेदार सत्यजीतरावांनी संक्रांतीला घरी थाटात हळदीकुंकू ठेवलं. अकरा बायका आल्या, प्रत्येकीला स्टीलचं पातेलं वाण म्हणून दिलं आणि हजेरी म्हणून वहीत अंगठा घेतला. त्याच झटक्यात कोऱ्या स्टँपपेपरवरही अंगठे उमटले. त्यांवर महिला मंडळाचा मजकूर भरून, सोजराबाईंना अध्यक्ष करून ते कागद दौंडला आले. अजीमभाईंनी घरबसल्या खाली लिहिलं, 'मजकूर समक्ष वाचून दाखवला', आणि शिक्का मारला. त्या बायकांची तोंडंसुद्धा त्यांनी पाहिली नव्हती.

"गावच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनी कागद वाचला, त्यात तुमचं नाव निघालं," सोजराबाई सांगत होत्या. "वकिलानं वाचून दावलं म्हंत्यात. मला तर काय बी आठवत न्हाई. पर सरकारी शिक्का खोटं कसा बोलंल? मीच इसरले आसंन. साहेब, खरं सांगा, तुमी वाचून दावलं व्हतं?"

अजीमभाईंनी मनात हिशेब केला. शिक्का गेला तर धंदा गेला. सत्यजीतरावांच्या द्राक्षांचं सगळं काम त्यांच्याकडेच होतं.

"हो," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "वाचून दाखवलं होतं."

"मंग माझंच चुकलं," म्हातारी हळूच म्हणाली. तिनं हात जोडले आणि ती एसटी गाठायला निघाली.

कोपऱ्यात अजीमभाईंचे वडील, अयुबचाचा, पेपर वाचत बसले होते. रेल्वेत तीस वर्षं गार्ड म्हणून नोकरी केलेला हा माणूस. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"अजीम, सत्यजीतरावांच्या हळदीकुंकवातून ते कागद आले तेव्हा मी इथंच बसलो होतो. त्या हळदीकुंकवाला तू गेला होतास?"

"अब्बा, सगळेच असं करतात. कागद पुरा लागतो."

"मीही कागदावरच सह्या केल्या बाबा! गाडी सुटण्याआधी ब्रेकच्या दाखल्यावर ड्रायव्हरची आणि माझी सही लागायची. उशीर झाला म्हणून साहेब शिव्या घालायचे, तरी प्रेशर बघितल्याशिवाय मी पेन उघडलं नाही. मागं डब्यांत माणसं झोपलेली असत. माझ्या सहीच्या भरवशावर झोपलेली!" त्यांचा आवाज चढला. "परदेशातली पोरं खाणार म्हणून तू द्राक्षाचा मणी न् मणी तपासतोस. मग आपल्या अंगणवाडीतली पोरं कुणाची रे? आणि ती बाई! तिची अब्रू गेली ती गेलीच, आता तू तिचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वासही काढून घेतलास!"

अरेरे, काय केलं आपण हे! अजीमभाईंना स्वतःची शरम वाटली. चपला कशाबशा पायात सरकवून ते स्टँडकडे धावत सुटले.

शिरूरची गाडी लागली होती. सोजराबाई खिडकीशी बसल्या होत्या.

"मावशी, उतरा! मी खोटं बोललो!" सगळी एसटी ऐकत होती. "मी तुम्हाला काही वाचून दाखवलं नाही. मी तिथं नव्हतोच. तुम्ही काही विसरला नाही!"

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या विरुद्ध प्रतिज्ञापत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सरकारी कचेरीत दिलं. सत्यजीतरावांचा फोन आला, "वकीलसाहेब, पायावर धोंडा पाडून घेताय!" त्यांनी फोन ठेवला. नोटीस मागे घेतली गेली, ठेकेदारावर चौकशी बसली. अजीमभाईंचा शिक्का सरकारनं काढून घेतला, द्राक्षांचं कामही गेलं.

तरीही मन हलकं होईना. एके दिवशी ते कवठ्याला गेले आणि चावडीपुढे जमलेल्या बायकांसमोर सगळं कबूल करून त्यांनी सोजराबाईंची माफी मागितली.

सोजराबाईंनी पदरानं चावडीची पायरी पुसली. मग म्हणाल्या, "बसा, च्या घ्या. तुमी आलात, बरं केलं. पर साहेब, त्या दिवशी तुमी व्हय म्हनला, तवापासून एसटीत बसंपत्तूर म्या सवताला येडी समजत व्हते. आपल्याच हातानं आपल्या नातीला किडकं चारलं, असं वाटलं मला. त्येवढा येळ कसा माघारी देनार?"



वाचकहो, आपण सारेच कुठं ना कुठं सही करतो. दाखल्यावर, पंचनाम्यावर, हजेरीवर. न बघता, कुणी विचारत नाही म्हणून! पण त्या सहीखाली एखादी सोजराबाई उभी असते, आणि आपला कागद खरा ठरावा म्हणून ती स्वतःला खोटं ठरवते. जे पाहिलं नाही, ते पाहिलं म्हणून लिहू नका. नंतर मागितलेली माफी माणूस देतो, पण त्याचा गेलेला वेळ आपल्याला परत देता येत नाही.