शिजवलेली माती

घरामागच्या खोलीत थोरली सून शेतीसाठी जिवाणूंचं कल्चर बनवायची. बियाण्याला ते चोळलं की घेवड्याच्या मुळांवर गाठी धरायच्या आणि पिकाला हवेतला नत्र मिळायचा. चौदा वर्षं हे काम तिच्या एकटीचं होतं. पण सलग तीन हंगाम घरच्याच खालच्या शेतातला घेवडा पिवळा पडत होता. तिनं बियाण्याला दोष दिला, पाण्याला दिला, पेरणाऱ्यांनाही सोडलं नाही.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. त्याची बायको मातीतल्या विषाणूंचा अभ्यास केलेली. आठवड्याच्या आत ती जेवताना म्हणाली, "ताई, तुमचे जिवाणू चांगलेच आहेत. त्यांना फोडणारा विषाणू त्या मातीत असेल. मातीचं पाणी अगदी बारीक गाळून तुमच्या जिवाणूंवर थेंब टाकून बघू. विषाणू असला तर तिथं जिवाणू मरून स्वच्छ ठिपके पडतील."

"इतक्या वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही बघ!" सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

त्या दिवसापासून धाकटीचं सगळंच थोरलीच्या डोळ्यांत खुपू लागलं. तिचं थेंब टाकायची नळी, पिपेट, धरणंसुद्धा. त्यात तिचा स्वतःचा नवराही ऊठसूट "धाकटीला विचारू" म्हणायला लागला.

खालच्या शेतातली माती आणायचं काम थोरलीकडे आलं. तिनं ती आणली, खोलीत कुणी नसताना जंतू मारायच्या ऑटोक्लेव्हमध्ये घालून तासभर वाफेवर शिजवली आणि निवल्यावर धाकटीच्या टेबलावर नेऊन ठेवली.

धाकटीनं तिचं गाळलेलं पाणी जिवाणूंच्या काचेच्या बशांवर टाकलं. दोन दिवसांनी बशा उघडल्या. एकही ठिपका नव्हता.

"म्हणजे विषाणू नाहीच," थोरली म्हणाली. आवाजातला आनंद लपत नव्हता.

धाकटीनं दुसरी बशी पुढं सरकवली. "यात मी तीच माती नुसती पसरली होती. यात जिवाणूही नाहीत, बुरशीही नाही. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीव असतात, ताई. उद्या मीच माती घेऊन येते."

बस्स, एवढंच. चहाडी नाही की टोमणा नाही.

नव्या मातीनं बशीभर ठिपके पाडले. पण एका ठिपक्यात जिवाणूंचे चार-पाच बारीक पुंजके जिवंत होते, विषाणूला पुरून उरलेले. ते दिसले थोरलीला. तिनं ते वेगळे काढून वाढवले. धाकटी सांगत होती, की विषाणू नुसता शत्रू नसतो. फुटलेल्या जिवाणूंमधलं अन्न मातीत मोकळं होतं, ते मुळांनाही मिळतं. थोरलीला ते पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच राग आला.

पुढच्या हंगामात त्यांचंच कल्चर बियाण्याला चोळलं, आणि घेवडा हिरवागार झाला. मुळावरची गाठ चिरली तर आतून गुलाबी, म्हणजे नत्र धरणारी. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "धाकटीनं करून दाखवलं."

"टिकणारे जिवाणू ताईंनी हेरले," धाकटी लगेच म्हणाली.

थोरलीच्या अंगाची आग झाली. मनाचा मोठेपणाही हिच्याकडेच! "पहिली माती मी शिजवली होती," ती बोलून गेली. "हिला तोंडघशी पाडायला."

"मला त्याच दिवशी कळलं होतं," धाकटी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"कल्चर मला बनवता येत नाही, ताई. तुमचा हात बघून मीही जळत होते. मग तुम्हाला कोणत्या तोंडानं बोलणार?"

थोरलीला हे ऐकून इतकं बरं वाटलं, की तिची तिलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिनं कल्चरच्या नव्या पाकिटांवर दोघींची नावं छापायला दिली. आपलं वर, धाकटीचं खाली.