भार खाली टेकेपर्यंत

“गोळी घेतली ना?” बायकोने आतून विचारलं.

“घेतली गं,” डबा उचलत तो म्हणाला.

घेतली नव्हती. छातीत दुखू नये म्हणून डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यायला ती गोळी लिहून दिली होती. पण ती घेतली की थोड्याच वेळात डोकं असं ठणकायचं, की वाटायचं आतून कुणी घण घालतंय. त्यात चक्कर. उंच क्रेन चालवणाऱ्याला हे परवडणारं नव्हतं. साइटवर कळलं असतं तर त्याला कुणी वर चढूच दिलं नसतं. म्हणून कुणाला न विचारता त्याने गोळी बंद केली होती. दुखलंच तर जिभेखाली ठेवायची वेगळी गोळी खिशात असायची. तेवढ्या भरवशावर तो दिवस ढकलत होता.

दुपारी लोखंडी तुळई उचलून वळवताना छातीवर कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं झालं. जाईल, असं वाटलं. गेलं नाही. कळ जबड्यात शिरली, डाव्या हातात उतरली. तळव्यांना घाम सुटला, क्रेनचा दांडा हातातून निसटायला लागला. खाली पिवळी हेल्मेटं फिरत होती आणि त्यांच्या डोक्यावर त्याची तुळई लोंबत होती.

गोळी आत्ताच घ्यावी? आणि भोवळ आली तर? न घ्यावी, आणि इथेच खेळ आटोपला तर? हात खिशापर्यंत गेला आणि परत दांड्यावर आला.

“उस्ताद, झोपलात काय वर?” वायरलेसवर मुकादम हसत होता.

“माणसं हटव.”

“का? काय झालं?”

“छातीत दुखतंय माझ्या. आधी सगळ्यांना लांब काढ.”

मुकादमाचं हसू तुटलं. खाली शिट्ट्या वाजल्या.

एरवी चुटकीसरशी उतरणारी तुळई आज खाली जायचं नाव घेईना. साठीकडे झुकलेला तो माणूस दांडा घट्ट धरून आईला हाका मारत होता. शेवटी तुळई टेकली. त्याने क्रेन बंद केली. पहिली गोळी ओल्या बोटांतून सुटून पायाखालच्या जाळीतून गेली. दुसरी कशीबशी जिभेखाली सरकली. डोकं भणभणलं, पण छातीवरचा गुडघा हळूहळू उठला.

मुकादम धापा टाकत वर आला. “खाली बघू नका, उस्ताद. माझ्याकडे बघा.”

“मला धर रे. सोडू नकोस.”

दोरांनी बांधून त्याला उतरवावं लागलं.

“डोकं दुखतं हे मला सांगायचं होतंत,” हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाल्या. “मात्रा बदलता आली असती. अशी मनानेच गोळी बंद करतात का?”

बायको त्याचा घामेजला शर्ट मांडीवर घडी करत होती, मोडत होती, पुन्हा घडी करत होती.

आता तो साइटच्या सामानखोलीत बसतो. बदललेली गोळी बऱ्यापैकी सोसते. भीती मात्र गेलेली नाही. ढेकर अडकली तरी काळजात धस्स होतं. वर फिरणाऱ्या क्रेनकडे तो बघत नाही.

“काका, दोर द्या, लवकर! सगळे खोळंबलेत,” परवा एक गवंडी दारातूनच ओरडला.

“थांब जरा.”

टेबलावर दोन्ही हात टेकून तो सावकाश उठला. डोळ्यांपुढची अंधारी सरेपर्यंत तसाच उभा राहिला. मग त्याने खुंटीवरचा दोर काढला, त्याचा पीळ न् पीळ बोटांनी चाचपून पाहिला आणि मगच गवंड्याच्या हातात दिला.