बिबट्याची हाक

कानफाटीचं पिल्लू चोरीला गेलं आणि गावाने बोट दाखवलं ते माकडमावशीकडे. आता बोला! या माकडांपायी जिने घरदार बाजूला ठेवलं, तिच्यावरच आळ!

माकडमावशी हे नाव गावातल्या पोरांनी ठेवलेलं. गाव जंगलाच्या काठावरचं, आणि माकडांची ही जात आता तेवढ्या एका जंगलातच उरलेली. संशोधन करणाऱ्या बाई आल्या तेव्हा त्यांनी गावातलीच माणसं कामाला घेतली, त्यांत ही पहिली. काम ऐकायला सोपं. रोज तेच निळं जॅकेट घालायचं, जिभेने टक्-टक् करत टोळीजवळ जायचं आणि गप्प बसायचं. खायला द्यायचं नाही, हात लावायचा नाही. या माणसापासून धोका नाही, एवढं माकडांना पटलं पाहिजे. ते पटायला वर्षं गेली. जळवा चावल्या, नवऱ्याची बोलणी खाल्ली, तेव्हा कुठे फाटक्या कानाची ती थोरली मादी, कानफाटी, तिच्यासमोर निवांत बसून पिल्लाला पाजायला लागली. या माकडांची पिल्लं केशरी असतात, मोठी झाली की राखाडी होतात. त्या केशरी रंगालाच चोरबाजारात गिऱ्हाईक असतं.

पिल्लू गेलं तेव्हा मध गोळा करणारा एकजण लांबून बघत होता. निळं जॅकेट, टक्-टक् आवाज, माकडं जागची हललीसुद्धा नाहीत, आणि मग एकदम किंकाळ्या. चेहरा काही त्याला दिसला नाही. पण गावात निळं जॅकेट एकच, माकडमावशीचं. दुसरं कोण असणार?

माकडमावशी त्या दिवशी तापाने फणफणली होती. जॅकेट घरात खुंटीला होतं. घरात माणसं तीनच: ती, दिवसभर तिच्या उशाशी बसलेला नवरा, आणि धाकटा दीर. या दिराला सगळे गोडबोल्या म्हणत. जंगल बघायला येणाऱ्या पाहुण्यांना तो जीपमधून फिरवायचा. बरी झाल्यावर तिने जॅकेट अंगात घातलं, तर कॉलरला त्याच्या केसांच्या तेलाचा वास. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वर गावच्या वनसमितीच्या बैठकीत हाच उठून म्हणतो कसा, "माणूस आहे, चुकतो. आमच्या वहिनींना यावेळी माफ करा." मेल्याने आरोप तर पक्का केलाच, वर मोठेपणाही मिळवला!

घरी नवरा म्हणाला, "अगं, भाऊ आहे माझा. सोडून दे."

"भाऊ तुमचा आहे, माझा नाही. काम माझं जातंय, तोंड माझं काळं झालं. सोडणार नाही म्हणजे नाही."

तिने समितीकडे एकच मागणी केली: मला काढायचं तर काढा, पण आधी सगळे माझ्याबरोबर जंगलात चला.

गेले सगळे. गोडबोल्यालाही यावंच लागलं. टोळी दिसताच तिने जॅकेट घातलं आणि टक्-टक् केलं. त्याबरोबर वरून 'खक्! खक्!' सुरू झालं. ही हाक बिबट्यासाठीची. आपल्याला बघून ही हाक? लोक म्हणाले, बघा, माकडांनीच सांगितलं! तिने जॅकेट काढून मधवाल्याला घातलं. पुन्हा तीच हाक. समितीच्या अध्यक्षांना घातलं, तरी तेच.

"म्हणजे जॅकेटलाच भितात," गोडबोल्या हसला. "वहिनी, यात सिद्ध काय झालं?"

"थांबा भाऊजी, घाई कसली?"

तिने जॅकेट घडी करून पिशवीत टाकलं आणि साध्या कपड्यांत पुढे झाली. शांत. कानफाटी तर एक फांदी खाली आली. मधवाला गेला, अध्यक्ष गेले, माकडांनी हूं की चूं केलं नाही.

"आता तुम्ही, भाऊजी."

"मला जीप धुवायची आहे."

"जीप कुठे पळून चालली आहे? जा की पुढे!"

कोणीतरी त्याला ढकललं. कानफाटी उसळून उभी राहिली आणि ओरडली. सगळी टोळी फांद्या हलवत, दात विचकत त्याच्यावर ओरडत सुटली. बाई हळूच म्हणाल्या, "कानफाटीने चेहरा जवळून पाहिलाय."

समितीने त्याची जीप बंद केली आणि जंगलबंदी घातली. कोणाचंही एवढ्यावर समाधान झालं असतं. माकडमावशीचं झालं नाही, पिल्लू अजून आलं नव्हतं.

टोळी फळं खायला यायची ती गावच्या रस्त्यावरच्या झाडांवर. गोडबोल्या घराबाहेर पडला की खक्-खक् सुरू. पोरं टाळ्या पिटत ओरडायची, "बिबट्या आला रे!" दुकानात जायची सोय नाही, चहा प्यायची सोय नाही. माकडमावशी ओसरीवर बसून हे सगळं ऐकायची. बरं वाटायचं तिला, अगदी पोटभर जेवल्यासारखं.

शेवटी तो स्वयंपाकघराच्या दारात आला. "वहिनी, पाया पडतो. पिल्लू परत आणलं तर थांबेल का हे?"

तिला उत्तर पक्कं ठाऊक होतं. तिने शांतपणे भांडं विसळलं आणि म्हणाली, "थांबेल की. पिल्लू मिळालं की विसरतात ती."

चोरबाजारातल्या ज्या व्यापाऱ्याला पिल्लू विकलं होतं, त्याला गोडबोल्याने आपली लाडकी मोटरसायकल दिली आणि पिल्लू आणलं. वाळलेलं होतं, पण जिवंत होतं. बाईंनी ते तपासलं आणि सगळ्यांसमोर झाडाखालच्या दगडावर ठेवलं. कानफाटी सरसर उतरली, पिल्लू उचलून छातीशी धरलं आणि वर गेली. माकडमावशीला रडू आवरेना.

मग कानफाटीची नजर गोडबोल्यावर पडली. 'खक्! खक्!' आधीपेक्षा दुप्पट जोरात.

"वहिनी! तुम्ही तर म्हणालात, विसरतील!"

तिने डोळे पुसले. आजवर ती त्याच्याशी कधी एकेरीत बोलली नव्हती. "म्हणाले खरी. माझं जॅकेट घालून तू त्यांना फसवलंस. मी तुला फसवलं."

"पण हे चालणार तरी कुठवर?"

"कानफाटी म्हातारी आहे, ती काही कायमची नाही," ती म्हणाली. "पण ते बघ."

आईच्या छातीशी बिलगलेलं पिल्लू मान वळवून गोडबोल्याकडे बघत होतं. पिल्लाने तोंड उघडलं आणि ते बारीक, चिरक्या आवाजात ओरडलं, "खक्!"