माझ्या पायथ्याची वस्ती

मी निरवांगीच्या ओढ्यावरचा मातीचा बंधारा. सरकारी नव्हे, एका शेतकऱ्याच्या मालकीचा. चिंतामणतात्यांनी मला स्वतःच्या रानात बांधलं. मध्ये काळी चिकणमाती, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगड, एका कडेला जादा पाणी निघून जायला सांडवा. भीमा नावाचा त्यांचा गडी ट्रॅक्टरला रोलर जोडून थरावर थर दाबत राहिला. तेव्हा माझ्या खालच्या अंगाला बाभळी आणि माळ, एवढंच होतं.

पाणी साठलं, तात्यांचा ऊस उभा राहिला. माझ्यातून थोडं पाणी पाझरायचं, त्यानं माळही ओला झाला. तात्यांनी खुशीनं भीमाला तिथं जागा दिली. त्यानं घर बांधलं, विहीर पाडली. मागोमाग त्याचे भाऊबंद आले. कुणी रानात राबायचं, कुणी लोणी देवकरला कंपनीत जायचं. सकाळी भाकरी थापल्याचा आवाज माझ्यापर्यंत यायचा आणि मला सोबत वाटायची. पुढं भीमा वारला. त्याची बायको अनसूया तिथंच राहिली.

गेल्या उन्हाळ्यात पूर्वी नावाची तरुण सरकारी इंजिनिअर तपासणीला आली. माझ्या माथ्यावरून चालली, उतार पाहिला, मग बराच वेळ खालच्या घरांकडं बघत राहिली.

"तात्या, हा बंधारा सगळ्यात जास्त धोक्याच्या वर्गात जाईल."

तात्यांना ते लागलं. "कुठं भेग हाय का? कुठं खचलाय का? दावा की मला."

"बंधारा चांगलाय. पण वर्ग त्याच्या तब्येतीवर ठरत नाही. फुटलाच तर खाली कोण सापडेल, त्यावर ठरतो. तुमचा सांडवा उथळ आहे. मोठ्या पावसात पाणी माथ्यावरून गेलं, तर माती टिकायची नाही. सांडवा खोल करा, पाणी कमी साठवा. नाहीतर घरं हलवा."

तात्या त्याच संध्याकाळी अनसूयेकडं गेले. दुसरीकडं जागा देतो म्हणाले.

"तात्या, हितं आमाला कुणी बसवलं?"

"मीच."

"मग तुमचा ऊस ऱ्हावा म्हणून आता आमी उठायचं व्हय?"

तात्या तसेच माघारी फिरले.

पावसाच्या तोंडावर जेसीबी आला. तात्यांचा मुलगा दीपक आडवा आला. "निम्मा ऊस जाईल, तात्या."

"जाऊ दे," तात्या म्हणाले आणि सांडवा खोल करून घेतला.

पावसाळ्यात ओढा दुथडी भरून वाहिला, पण मी निम्माच भरलो. दिवाळीनंतर वरच्या पट्ट्यातला ऊस पिवळा पडला. पण अनसूयेच्या विहिरीचा विचार कुणीच केला नव्हता. ती माझ्या पाझरावर होती. तीही तळाला गेली.

परवा अनसूया माझ्या माथ्यावर तात्यांना गाठायला आली. मला वाटलं, भांडेल. तिनं हळूच विचारलं, "सांडवा जरा वर घेता येईल का? प्यायला पाणी न्हाय."

"अन् घरं?"

ती खाली आपल्या घराकडं बघत राहिली. तात्याही तिकडंच बघत होते.

इंजिनिअर पूर्वी पुन्हा येऊन गेली. धोका कमी झालाय म्हणाली, पण घरं आहेत तोवर वर्ग तोच राहील.

बाबांनो, मी माती आहे. किती पाणी धरायचं, हे मला ठरवता येत नाही. माथ्यावर उभं राहून बोलणाऱ्यांनी एकदा पायथ्याशी, अनसूयेच्या अंगणात बसावं आणि तिला विचारून ठरवावं. पण पाऊस यायच्या आधी ठरवा. एकदा पाणी चढलं, की मला कुणाला हाक मारता येत नाही.